शुगरच्या आड लपलेला थायरॉइड

१९८३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जुळ्या-तिळ्या भावंडांवरचा एक शोधनिबंध छापून आला. एकाच बीजातून जन्मलेली ही भावंडं, त्यामुळे जनुकं अगदी सारखी. त्यांतल्या एकाला टाइप वन मधुमेह झालेला, बाकीची तेव्हा ठणठणीत. बोस्टनच्या जोस्लिन मधुमेह केंद्रातले संशोधक या ठणठणीत भावंडांचं रक्त वर्षानुवर्षं तपासत राहिले. ज्यांना पुढे मधुमेह झाला, त्यांच्या रक्तात स्वादुपिंडाविरुद्धची प्रतिपिंडं साखर वाढण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून होती आणि इन्सुलिन तयार करण्याची ताकदही हळूहळू उतरत चालली होती. मूल आठवडाभर मलूल होतं, मग साखर पाचशेवर गेली, म्हणजे आजार आठवड्यापूर्वी सुरू झाला, ही समजूत या निबंधाने मोडीत काढली.

निबंधावरचं पहिलं नाव होतं एस. श्रीकांता, सहलेखकांत होते जॉर्ज आयझेनबार्थ. टाइप वन मधुमेह हा वर्षानुवर्षं चालणारा स्वयंप्रतिकार आजार आहे, ही मांडणी आयझेनबार्थ यांनी १९८६ साली याच नियतकालिकात केली आणि ती आज जगभर शिकवली जाते. डॉ. श्रीकांता यांचं पुढचं काम बेंगळुरूत झालं. ‘ज्ञान संजीवनी’ रुग्णालय आणि ‘समत्वम’ संस्था यांच्यामार्फत टाइप वन असलेल्या मुलांच्या उपचारांत त्यांनी आपलं आयुष्य घातलं.

या प्रकरणात आपण त्यांच्या शोधाचा दुसरा अर्धा भाग पाहणार आहोत. शरीराची संरक्षण यंत्रणा एका ग्रंथीवर वर्षानुवर्षं गुपचूप हल्ला करू शकते, तर ती तेवढ्यावरच थांबते का? बऱ्याचदा थांबत नाही. स्वादुपिंडाखालोखाल तिचा रोख गळ्यातल्या थायरॉइडवर असतो. आणि थायरॉइड मंदावल्याची जवळपास सगळी लक्षणं ‘शुगरमुळे होत असेल’ या एका वाक्यात झाकली जातात.

पहिला धागा गळ्यात सापडला

हल्ला करणारी यंत्रणा एकच, हे कळलं ते मधुमेहाच्या अभ्यासातून नव्हे, थायरॉइडच्या. हाकारू हाशिमोतो हा जपानमधल्या क्यूशू विद्यापीठातला तरुण शल्यविशारद. १९१२ साली त्याने एका जर्मन नियतकालिकात चार स्त्रियांच्या थायरॉइडचं वर्णन केलं. गळ्याला सूज होती, म्हणून ग्रंथीचा भाग कापून काढलेला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ग्रंथीच्या नेहमीच्या पेशींच्या जागी पांढऱ्या रक्तपेशींची दाटी झालेली. या पेशी तिथे कशाला जमल्या, हे त्या काळी कुणालाच सांगता येईना. हाशिमोतो पुढे गावी परतून डॉक्टरकी करू लागला आणि १९३४ साली वारला. आपलं नाव एका आजाराला चिकटलं आहे, हे पाहायला तो फारसा राहिला नाही.

उत्तर मिळायला चव्वेचाळीस वर्षं लागली. शरीर स्वतःविरुद्ध उठत नाही, असं पॉल एर्लिख या थोर शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठासून सांगितलं होतं आणि वैद्यकशास्त्र त्या मताला धरून होतं. १९५६ साली दोन ठिकाणांहून त्याला तडा गेला. अमेरिकेत बफेलो इथे नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच थायरॉइडचा अर्क टोचला, तर त्यांच्या थायरॉइडमध्ये हाशिमोतोने पाहिली तशी पेशींची दाटी झाली. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाशिमोतोच्या रुग्णांचा रक्तद्रव आणि माणसाच्या थायरॉइडचा अर्क समोरासमोर आणला. दोघांच्या मधे पांढरी रेघ उमटली. रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं त्याच्याच ग्रंथीतल्या प्रथिनाला जाऊन भिडत होती.

याच डेबोरा डोनियाक यांचं नाव अठरा वर्षांनी पुन्हा येतं. १९७४ साली त्यांच्या लंडनच्या गटात जियान फ्रँको बोताझो या तरुण डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये एक निबंध लिहिला. त्याने काही निवडक रुग्णांचा रक्तद्रव माणसाच्या स्वादुपिंडाच्या पातळ कापांवर टाकून पाहिला होता. स्वादुपिंडाचा मोठा भाग पाचकरस बनवतो. त्यात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची छोटी छोटी बेटं विखुरलेली असतात आणि ती सगळी मिळून त्या अवयवाचा शंभरातला एखाद-दोन भाग भरतात. बोताझोच्या कापांवर नेमकी तीच बेटं उजळून निघाली. स्वादुपिंडाविरुद्धची प्रतिपिंडं अशी पहिल्यांदा दिसली.

हे रुग्ण निवडले कसे, ते महत्त्वाचं आहे. नुसता मधुमेह असलेले लोक त्याने घेतले नव्हते. ज्यांना मधुमेहाच्या जोडीला थायरॉइडचा, अॅड्रिनल ग्रंथीचा किंवा तसाच दुसरा स्वयंप्रतिकार आजार आहे, असे लोक घेतले होते. ज्यांच्या बाकीच्या ग्रंथींवर हल्ला झालाय, त्यांच्या स्वादुपिंडावरही झाला असणार, हा त्याचा कयास. म्हणजे टाइप वन हा स्वयंप्रतिकार आजार आहे, हे कळलं तेच मुळी थायरॉइड आणि मधुमेह हातात हात घालून फिरतात या जाणिवेतून. दवाखान्यात मात्र आपण ते पुन्हा पुन्हा विसरतो.

दोन ग्रंथी, एकच चूक

आपले कोण आणि परके कोण, हे संरक्षक पेशींना दाखवून देणाऱ्या काही जनुकांना एचएलए म्हणतात. यांतली ठरावीक रूपं ज्यांच्याकडे असतात, त्यांच्या संरक्षक पेशी आपल्याच प्रथिनांच्या बाबतीत जास्त सहज चुकतात. डीआर-थ्री आणि डीआर-फोर ही टाइप वनशी जोडलेली रूपं थायरॉइडच्या आजारातही वारंवार दिसतात. पेशींना आवर घालणारी सीटीएलए-फोर, पीटीपीएन-ट्वेंटीटू ही जनुकंही दोन्हीकडे सापडतात. ही गोष्ट फक्त गोऱ्या लोकांची आहे, असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि इंग्लंडमधलं एक्झेटर विद्यापीठ यांनी २०२० साली दाखवून दिलं, की युरोपीय लोकांवरून बेतलेला टाइप वनचा जनुकीय गुणांक भारतीयांमध्येही टाइप वन आणि टाइप टू यांच्यात फरक करू शकतो.

जनुकं दार उघडं ठेवतात. आत नेमकं काय शिरतं, कुठला विषाणू की आणखी काही, हे माणसागणिक वेगळं असतं. म्हणूनच एका बहिणीला टाइप वन होतो, दुसरीला नुसता थायरॉइड आणि तिसरीला काहीच नाही.

किती जणांना दोन्ही होतात? टाइप वनचं निदान होतं त्या वेळीच सुमारे पाव मुलांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं असतात. निरनिराळ्या अभ्यासांत टाइप वन असलेल्यांपैकी १७ ते ३० टक्के लोकांना थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार आढळतो. मुलींत तो जास्त आणि वयात येताना त्याची शक्यता वाढत जाते. प्रतिपिंडं असलेल्या सगळ्यांचाच थायरॉइड बंद पडतो असं नाही. काहींची प्रतिपिंडं आयुष्यभर नुसती रिपोर्टवर राहतात. पण पुढे कुणाचा मंदावेल, हे सांगणारी दुसरी चांगली खूण आपल्याकडे नाही.

बेंगळुरूचे आकडे, बेंगळुरूची कारणं

भारतातल्या मोठ्या शहरांत थायरॉइड मंद असलेले किती, याचा एक मोठा पाहणी-अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. बेंगळुरू, मुंबई, गोवा, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद, अहमदाबाद आणि कोलकाता अशी आठ ठिकाणं. ५,३६० प्रौढ माणसं. त्यांतल्या १०.९५ टक्के लोकांचा थायरॉइड मंद होता आणि सुमारे २२ टक्के लोकांच्या रक्तात टीपीओ नावाची थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं होती. समुद्रकाठच्या शहरांपेक्षा आतल्या शहरांत प्रमाण थोडं जास्त निघालं. साडेतीन टक्के लोकांना तर आपल्याला हा आजार आहे, याचा पत्ताच नव्हता.

‘मिठात आयोडीन कमी असेल’ हे आपल्याकडचं जुनं उत्तर. कधी काळी ते खरं होतं. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५०च्या दशकात हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ वाटून गलगंड आटोक्यात येतो, हे दाखवलं. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, पुढे सगळंच खाण्याचं मीठ आयोडीनयुक्त झालं. आज बेंगळुरूच्या किंवा पुण्याच्या माणसाचा थायरॉइड मंदावतो तो बहुतेकदा आयोडीनवाचून नव्हे, तर प्रतिपिंडांमुळे. मीठ वाढवून तो सुधारत नाही.

बेंगळुरूत थायरॉइडला लपायला जागाही भरपूर. समजा, बेळगावची एक सत्तावीस वर्षांची मुलगी व्हाइटफील्डच्या कंपनीत नोकरी करते. अकराव्या वर्षापासून टाइप वन आहे, इन्सुलिन पेन पर्समध्ये असतं आणि मोजून खायची सवय आहे. गेलं वर्षभर ती दमते. कारण उघड आहे: येण्याजाण्यात रोजचे तीन तास ट्रॅफिकमध्ये जातात. थंडी वाजते. बेंगळुरूची हवाच तशी, नऊशे मीटर उंचीवरचं शहर. बेळगावहून आलेल्या माणसाने त्यात तक्रार काय करायची? केस गळतात. त्यावर तर आख्ख्या शहराचं एकमत आहे: बोअरचं पाणी, टँकरचं पाणी. आई फोनवर म्हणते, “पाणी बदललं की असंच होतं गं, खोबरेल तेल लाव.” वजन चार किलो वाढलं, ते पीजीच्या जेवणामुळे. पाळी जास्त जाते, तो कामाचा ताण. पोट साफ होत नाही, ते बसून राहण्यामुळे.

प्रत्येक कारण आपापल्या जागी पटण्यासारखं आहे. सहाही एकत्र मांडली की मग मंद थायरॉइडचं पाठ्यपुस्तकातलं वर्णन समोर उभं राहतं. पण ती एकत्र मांडायला कुणी बसत नाही, कारण दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलं की बोलणं साखरेवर सुरू होतं आणि साखरेवरच संपतं.

थायरॉइड मंदावला की इन्सुलिनचं काय होतं

या मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडत असते आणि टाइप वनच्या रुग्णाने ती डोळ्यांत तेल घालून पाहायला हवी. तिची शुगर वारंवार लो होऊ लागते. तेवढंच इन्सुलिन, तेवढाच भात, तरी रात्री तीन वाजता घाम येऊन जाग येते. ती डोस दोन युनिटने कमी करते, पुढच्या महिन्यात आणखी दोनने. साखर ‘कंट्रोलमध्ये’ आल्याचा तिला आनंदही होतो.

थायरॉइडचं हार्मोन शरीराच्या सगळ्या कारभाराचा वेग ठरवतं. ते कमी झालं की आतड्यातून साखर हळू शोषली जाते, यकृत रक्तात साखर सोडायला चेंगटपणा करतं आणि टोचलेलं इन्सुलिन शरीरातून निघून जायला जास्त वेळ लागतो. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढतात: साखर खाली. इटलीतल्या एका अभ्यासात, जो २००२ साली प्रसिद्ध झाला, टाइप वन असलेल्या ज्या मुलांचा थायरॉइड अगदी थोडासाच मंद होता, त्यांनाही हायपो, म्हणजे साखर एकदम खाली जाण्याचे झटके, जास्त येत होते. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या हार्मोनची गोळी, सुरू केल्यावर ते कमी झाले.

वर आणखी एक फसवणूक. एचबीएवनसी ही तीन महिन्यांची सरासरी साखर लाल पेशींवर चिकटलेल्या साखरेवरून काढतात. थायरॉइड मंद असला की लाल पेशी रक्तात जास्त दिवस टिकू शकतात, त्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा चढा दिसू शकतो. मग डॉक्टर रिपोर्ट पाहून इन्सुलिन वाढवायला सांगतात आणि रुग्ण म्हणतो, “अहो डॉक्टर, माझी तर रोज लो होतेय.” दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. तिसरा आकडा, थायरॉइडचा, मागवल्याशिवाय हा वाद मिटत नाही.

वाढीच्या वयातल्या मुलांत खूण वेगळी असते: उंची. भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली डॉ. वामन खाडिलकर यांच्या पुढाकाराने वाढीचे नवे तक्ते काढले. टाइप वन असलेल्या मुलाची उंची दर भेटीला त्या तक्त्यावर मांडली, तर थायरॉइड मंदावताना रेघ आडवी पडायला लागते. वजन मात्र वर जात राहतं. मूल ‘सुदृढ होतंय’ म्हणून घरचे खूश असतात.

स्वादुपिंडाचे सगळे आजार सारखे नाहीत

इथपर्यंत आपण इन्सुलिनच्या बेटांवरच्या हल्ल्याबद्दल बोललो. संरक्षण यंत्रणा कधी कधी स्वादुपिंडाच्या उरलेल्या मोठ्या भागावरही उठते. त्याला ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस म्हणतात. हा बहुधा साठीच्या आसपासच्या पुरुषांचा आजार. पोटात फारसं न दुखता कावीळ होते, स्कॅनवर स्वादुपिंड सॉसेजसारखं फुगलेलं दिसतं आणि कॅन्सरची शंका येते. १९९५ साली जपानी डॉक्टरांनी त्याला हे नाव दिलं. २००१ साली मात्सुमोतोच्या शिंशू विद्यापीठातल्या हामानो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या रुग्णांच्या रक्तात आयजीजी-फोर हा प्रतिपिंडांचा एक प्रकार खूप वाढलेला असतो. स्टेरॉइड दिल्यावर हे स्वादुपिंड बऱ्याचदा काही आठवड्यांत पूर्ववत होतं, म्हणूनच निदान चुकून शस्त्रक्रिया होऊ नये, याला इतकं महत्त्व.

याच शिंशूच्या गटाने २००५ साली अशा ४१ रुग्णांच्या थायरॉइडची तपासणी केली. सुमारे पाव जणांचा थायरॉइड मंद निघाला आणि एक तृतीयांश लोकांत थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. नेहमीच्या जुनाट पॅन्क्रियाटायटिसच्या रुग्णांपेक्षा हे प्रमाण स्पष्टच जास्त होतं. तेव्हा हल्ला बेटांवर असो की बाकीच्या स्वादुपिंडावर, तो स्वयंप्रतिकारातून आलेला असेल तर गळ्याकडे पाहायलाच हवं.

दक्षिण भारतात याच्या उलट उदाहरणही आहे. केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी शेकडो तरुण रुग्णांमध्ये स्वादुपिंडाच्या नळीत खडे, पोटदुखी आणि पुढे मधुमेह असा आजार नोंदवला. कर्नाटकातही असे रुग्ण येतात. त्यांनाही इन्सुलिन लागतं, वयही कोवळं असतं, त्यामुळे वरवर पाहता टाइप वनच वाटतो. पण इथे नुकसान खड्यांनी आणि जुनाट सुजेने केलेलं असतं, प्रतिपिंडांनी नव्हे. म्हणून ‘इन्सुलिन लागणारा मधुमेह’ एवढं लिहून फाइल बंद करता येत नाही. कारण कोणतं, हे कळलं तरच पुढे कुठली ग्रंथी तपासायची, हे ठरतं.

रिपोर्ट कसा वाचायचा

थायरॉइडला हुकूम देते ती मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी. तिचा निरोप म्हणजे टीएसएच. समोरच्याला कमी ऐकू येऊ लागलं की आपण आवाज चढवतो. थायरॉइड दाद देईनासा झाला की पिट्यूटरी तेच करते, म्हणून थायरॉइड मंदावतो तेव्हा टीएसएच वाढतो. ‘टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड वाढला’ असं समजून आयोडीन बंद करणारे लोक भेटतात. ते उलट आहे.

त्या बेळगावच्या मुलीचा रिपोर्ट समजा असा आला: टीएसएच १४, फ्री टी-फोर (थायरॉइडचं रक्तातलं हार्मोन) नॉर्मलच्या अगदी खालच्या काठाला, अँटी-टीपीओ प्रतिपिंडं सहाशेच्या वर. टीएसएचची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४. म्हणजे ग्रंथी अजून काम करतेय, पण तिला पळवावं लागतंय आणि तिच्यावर हल्ला चालू आहे. टीएसएच दहाच्या वर, लक्षणं आहेत, प्रतिपिंडं आहेत आणि जोडीला टाइप वन. अशा वेळी बहुतेक डॉक्टर गोळी सुरू करतात. टीएसएच पाच-सहा असता आणि लक्षणं नसती, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मग ठरवलं असतं.

रक्त देण्याआधी एक गोष्ट पाळायची. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवायच्या. बायोटिनमुळे काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. थायरॉइडने गळणाऱ्या केसांसाठी घेतलेली गोळी थायरॉइडचाच रिपोर्ट बिघडवते.

गोळी आणि फिल्टर कॉफी

इंग्लंडमध्ये १८९१ साली जॉर्ज मरे या डॉक्टरने थायरॉइड पार मंदावलेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती सुधारली आणि १९१९ पर्यंत जगली. तेवढ्या वर्षांत तिच्यासाठी ८७० मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरेने मांडून ठेवला. १९१४ साली एडवर्ड केंडॉलने शुद्ध थायरॉक्सिन वेगळं केलं, १९२७ साली ते प्रयोगशाळेत बनवता आलं. आज तेच औषध एल्ट्रॉक्सिन, थायरोनॉर्म अशा नावांनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये बाटलीत मिळतं. इन्सुलिनच्या मानाने ते स्वस्त आहे आणि दिवसातून एकदाच घ्यायचं असतं.

अडचण एकच, ते शोषलं जाण्याच्या बाबतीत फार नखरेल आहे. गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही. बेंगळुरूत इथेच घोडं पेंड खातं. सकाळी सहाला डिकॉक्शन उतरतं, दूध उकळतं, पितळी दवरा-टंबलरमधली कॉफी फेसाळते आणि गोळी त्या कॉफीच्या पहिल्या घोटाबरोबर घशाखाली जाते. कॉफीबरोबर थायरॉक्सिन कमी शोषलं जातं, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. मग टीएसएच खाली येत नाही आणि गोळीचा डोस उगाच वाढत राहतो. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर चार तास लांब ठेवाव्या लागतात. सकाळी जमतच नसेल, तर रात्री जेवणानंतर तीनेक तासांनी, झोपताना घेतली तरी चालते. फक्त वेळ रोज तीच हवी.

थायरॉक्सिन शरीरात हळू मुरतं. निम्मं व्हायलाच त्याला आठवडा लागतो. म्हणून डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनीच पुन्हा टीएसएच करायचा, आधी केला तर आकडा दिशाभूल करतो. टाइप वनच्या रुग्णाने या काळात साखर जास्त वेळा तपासायची, कारण थायरॉइड मार्गावर आला की इन्सुलिनची गरज परत वाढते. वर्षभरात कमी केलेली ती चार युनिटं पुन्हा मोजून घालावी लागतात.

गोळी सुरू करण्याआधी एक प्रश्न

१९२६ साली मार्टिन श्मिट या जर्मन डॉक्टरने दोन रुग्णांचं वर्णन केलं. त्यांच्या अॅड्रिनल आणि थायरॉइड या दोन्ही ग्रंथी एकाच वेळी खराब झाल्या होत्या. पुढे यात टाइप वनचीही भर पडली. मूत्रपिंडावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल बनवतात. त्यांच्यावर हल्ला झाला की अॅडिसनचा आजार होतो. तो दुर्मीळ आहे, पण टाइप वन आणि थायरॉइड दोन्ही असलेल्या माणसात त्याची शंका मनात ठेवावी लागते.

कारण मंद थायरॉइडमुळे कॉर्टिसोलही हळू खर्च होत असतं. थायरॉक्सिन दिलं की त्याचा खर्च एकदम वाढतो आणि जिथे आधीच तुटवडा आहे, तिथे माणूस कोसळू शकतो. म्हणून वजन वाढण्याऐवजी उतरतंय, उभं राहिल्यावर चक्कर येते, खारट खावंसं वाटतं, हातांच्या रेषा आणि हिरड्या काळवंडल्यात, असं काही असेल, तर आधी सकाळचं कॉर्टिसोल तपासायचं. कमी निघालं तर त्याचं औषध आधी, थायरॉक्सिन नंतर.

बाळंतपणाच्या आसपासही वेगळी काळजी घ्यावी लागते. गरोदरपणात थायरॉक्सिनची गरज वाढते आणि ती पहिल्या काही आठवड्यांतच वाढते, म्हणून दिवस राहिल्याचं कळताच टीएसएच करायचा. टाइप वन असलेल्या बाईला बाळंतपणानंतर थायरॉइडला सूज येण्याचा धोका इतर बायकांच्या सुमारे तिप्पट असतो. ‘बाळंतीण आहे, दमणारच’ म्हणून तोही सहज सुटून जातो.

कधी तपासायचं

टाइप वनचं नवं निदान झालं की साखर आणि रक्तातली आम्लता आटोक्यात आल्यावर टीएसएच आणि थायरॉइडची प्रतिपिंडं तपासायची. मूल आयसीयूत असताना केलेली तपासणी भरवशाची नसते, कारण कुठल्याही गंभीर आजारात थायरॉइडचे आकडे हलतात. सगळं ठीक निघालं तर दर एक-दोन वर्षांनी टीएसएच. प्रतिपिंडं असतील, थायरॉइड मोठा वाटत असेल, उंचीची रेघ आडवी पडत असेल किंवा कारणाशिवाय शुगर लो होत असेल, तर त्याआधीच. सिलिअॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनशी जोडलेला आतड्याचा आजारही याच कुळातला. त्याचीही तपासणी जोडीने करून घ्यावी.

टाइप वन स्वतः लांबवणारं पहिलं औषध, टेप्लिझुमॅब, अमेरिकेत २०२२ साली मंजूर झालं. श्रीकांता आणि आयझेनबार्थ यांनी दाखवलेल्या त्या मधल्या मूक वर्षांतच ते द्यायचं असतं. ते महाग आहे आणि ती वर्षं पकडणं अवघड आहे. थायरॉइडच्या बाबतीत असं औषध नाही आणि त्याची गरजही तेवढी नाही. इथे काही शे रुपयांची तपासणी आणि रोजची एक स्वस्त गोळी पुरते, फक्त कुणाला तरी ती तपासणी सुचायला हवी. टाइप वनच्या प्रत्येक फाइलवर एचबीएवनसीच्या रकान्याशेजारी शेवटच्या टीएसएचची तारीख लिहिलेली असावी, आणि ती नसेल तर पुढच्या भेटीत रुग्णाने स्वतःच ती विचारावी.